भाचीच्या लग्नासाठी कापलेल्या स्प्रिंगा

हा किस्सा ऐकायचा तर एक अट आहे. शेवट ओळखून दाखवायचा. मधे कुठंपण मला थांबवा आणि सांगा, गजामामा, पुढं असं असं झालं असणार. बरोबर निघालं तर ही मिशी इथंच, याच टपरीवर उतरवतो. चाळीस वर्षांची मिशी आहे, उगाच कशाला पण लावत नाही मी. आजपर्यंत एकालापण जमलेलं नाही.

गाडी उलटली? नाही. लग्न मोडलं? अरे शुभ बोला जरा. नवरी पळाली? हां... तसं बघायला गेलं तर... जाऊ दे, ऐका.

मला बहीण एक. विमलताई. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला मुलगी एक, रेश्मा, तीपण उशिरा झालेली. आता भाची जन्माला आली की माणूस मामा होतो, ते सगळ्यांनाच माहितीये. पण खरा मामा होतो तो तिच्या लग्नात. गुरुजी माईकवरून हाक मारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, आणि अख्खा हॉल माना वळवून बघतो. मग मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. एरवी मला कोण विचारतो? टेंपोवाला माणूस मी. पण त्या दिवशी मामाशिवाय पान हलत नाही. आणि माझ्या नशिबात हे आयुष्यात एकदाच. दुसरी भाची आणू कुठून?

आणि या ताईचा माझ्यावर विश्वास किती? सांगतो. तिच्या स्वतःच्या लग्नात मी तिच्या सासूबाईंच्या खुर्चीखाली लवंगी फटाक्यांची माळ लावलेली. माळ छोटीच होती हो. पण म्हातारी बसल्या जागेवरून जी उडाली ती थेट होमाच्या पलीकडं. लोक बोलले, पोरगा आहे, कळत नाही त्याला. मी तेव्हा एकवीस वर्षांचा. चांगलं कळत होतं, म्हणूनच लावली.

पुढं ती म्हातारी वीस वर्षं जगली आणि वीस वर्षं ताईला रोज ती माळ ऐकवली.

तर रेश्माचं लग्न ठरलं आणि कामं वाटायची वेळ आली, तेव्हा ताईनं मला एकच काम दिलं. तेपण नाइलाजानं, मामाचंच काम ते. बाकी सगळं वऱ्हाड सकाळी बसनं डोंबिवलीच्या हॉलवर जाणार. रेश्माचं पार्लर आमच्या कळव्यातच. ती तयार झाली की तिला माझ्या गाडीतून मी आणायची. मुहूर्त साडेबाराचा.

"बारा वाजता ती मला हॉलच्या दारात दिसली पाहिजे," ताई बोलली. "आणि गजा, एक दिवस. फक्त एक दिवस माणसासारखा वाग."

मी आईची शपथ घेतली. आणि पाळली. दुखतं ते इथंच दुखतं. त्या दिवशी मी जे काय केलं ते एकदम सरळ मनानं केलेलं.

आता गाडीचं ऐका. टेंपो विकला तेव्हा त्या पैशात एक छोटी गाडी घेतली, सेकंडहँड. पांढरी, बारा वर्षं जुनी. गरीब गाडी. कधी कोणाला उलटून बोलली नाही. पण साखरपुड्याला काय झालं, नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ कल्याणवरून आपली गाडी घेऊन आला. गाडी कसली, जमिनीला चिकटलेली घोरपड. खालून झुरळ जायचं तर त्यालापण वाकायला लागेल. पोरं नुसती गोळा झालेली बघायला. मी विचारलं, चारी टायर पंक्चर आहेत काय रे बाळा? तो हसला. बोलला, मामा, सस्पेन्शन बदललंय, खाली केलीये. पंचेचाळीस हजार.

मग त्यानं माझ्या गाडीकडं बघितलं.

"तुमची मस्त उंच आहे मामा. पाणी भरलं तरी टेन्शन नाही."

आजूबाजूची पोरं हसली. मीपण हसलो. पण मला लागलं. मी आयुष्यभर लोकांची खेचली, ते ठीक आहे. माझी कोणी खेचली की मला जेवण जात नाही. मी तिथल्या तिथं बोलून गेलो, अरे पंचेचाळीस हजार कसले, पाचशे रुपयात होतं हे काम. लग्नाला बघ नवरी कशातून उतरते ते.

आता बोललो तर करायला नको?

आमच्या गल्लीत बबन आहे. गेट, ग्रिल, जिने, असली वेल्डिंगची कामं करतो. चाळीस वर्षांचा दोस्त. ती लवंगी माळ? काडी त्यानं ओढलेली. बबनला मी विचारलं, गाडी खाली कशी करतात रे? बबननं माझ्याकडं असं बघितलं जसं मी विचारलं की भात कसा खातात.

"चाकावर स्प्रिंग असते. ती कापायची. लांबी कमी, गाडी खाली. ग्रिलचा पाइप जास्त झाला तर काय करतो आपण?"

मला एकदम पटलं. पंचेचाळीस हजार घेणारे लोक चोर असतात, हेपण पटलं.

लग्न रविवारी. गुरुवारी सकाळी बबनच्या दुकानासमोर, गल्लीतच, गाडी लावली. स्प्रिंग बाहेर काढायला एक ओळखीचा फिटर आणला. त्याला काम सांगितलं तर त्यानं आधी दोनदा विचारून घेतलं, नक्की ना. मग त्यानं चारी स्प्रिंगा काढून दिल्या, हात पुसले आणि बोलला, काका, मी काय बघितलं नाही.

माप आमचं बोटांचं. टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं फट होती, ती दोन बोटांवर आणायची. टेप आहे बबनकडं, नाही असं नाही. पण तिचे पुढचे दोन इंच तुटलेत, आणि ते दोन इंच मिळवायचे की वजा करायचे यावर आमचं दर वेळेला भांडण होतं. त्यापेक्षा बोटं बरी.

बबननं कटर चालू केला. ठिणग्या अशा उडत होत्या की समोरच्या वाण्यानं शटर अर्धं खाली घेतलं. चारी स्प्रिंगांचा एक एक राउंड उडवला. फिटरनं परत बसवल्या. जॅक खाली आला, गाडी टेकली आणि काय दिसली सांगू. मांजर उंदरावर दबा धरून बसतं ना, तश्शी. मी बबनला मिठीच मारली.

बबन माझ्या खांद्यावरून गाडीकडं बघत होता. बोलला, गजा, कललीय रे.

मी मागं सरून बघितलं. खरंच. डावी बाजू खाली, उजवी वर. जास्त नाही, दीडेक बोट. पण डोळ्याला खुपत होतं. आता नवरीची गाडी तिरकी कशी चालेल?

बबन पडला कामाचा माणूस. तो नजरेवर विश्वास ठेवत नाही. त्यानं पाण्याची नळी आणली, गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती. एक टोक मी डाव्या आरशापाशी धरलं, दुसरं त्यानं उजव्या आरशापाशी. पाणी काय खोटं बोलत नाही. उजवी बाजू वरच.

मग उजव्या बाजूच्या दोन्ही स्प्रिंगा परत काढल्या. अर्धा राउंड कापला. बसवल्या. नळी लावली. अजून वर. परत काढल्या. परत कापला. फिटर तिसऱ्यांदा गाडीखाली जाताना बोलला, काका, मगाशी मी बोललो ना बघितलं नाही म्हणून, आता मला खरंच बघायचं नाहीये.

पण शेवटी जमलं. नळीतलं पाणी दोन्हीकडं एका रेषेत. अशी लेव्हल की बबन बोलला, गजा, हिच्या टपावर आता लादी बसवली तरी चालेल.

आमची ही वर गॅलरीतून सगळं बघत होती. ती बोलली, अहो, एक चक्कर तरी मारून या. मी बोललो, पाणी लेव्हलला आहे. पाण्यापेक्षा तुला जास्त कळतं? तिनं गॅलरीचं दार लावून घेतलं. ती असं दार लावते तेव्हा मी घाबरायला पाहिजे, पण तीस वर्षांत ती अक्कल आली नाही. शनिवारी फुलवाला येऊन गाडी सजवून गेला. मग तर चक्कर मारायचा प्रश्नच नाही, झेंडू गळला असता.

आता थांबा जरा. कोणाला कळलं का? पाणी बरोबर होतं. नळी बरोबर होती. बबननं धरलेलीपण बरोबर. मग चुकलं काय? विचार करा, तोपर्यंत मी रविवारात शिरतो.

रविवारी पार्लरवाल्या पोरींनी दहाच्या जागी अकरा वाजवले. पण रेश्मा बाहेर आली आणि मी काय बोलणार होतो तेच विसरलो. हिरवा शालू, नाकात नथ, कपाळाला मुंडावळ्या. परवापर्यंत माझ्या टेंपोत मागं बसून भज्यांचा कागद चाटणारी पोर ही. गाडी बघून ती बोलली, मामा, काय केलंस रे हिला? भारी दिसतीये. मी बोललो, मामाकडून भेट.

ती बसली, तिच्या दोन करवल्या बसल्या, त्यांच्या चार पिशव्या बसल्या. आणि मग मी बसलो. माझं वजन चौऱ्याण्णव किलो. मी बसलो तसा खालून घर्र असा आवाज आला. मी बोललो, फुलांची माळ घासत असणार.

मेन रोडला लागलो. आणि काय सांगू, लोकांचं प्रेम बघून मी गार पडलो. बाइकवाले बाजूला येऊन हात करत होते. एक तर खाली वाकून माझ्या चाकाकडं बोट दाखवून ओरडत होता. मला वाटलं, कळव्याच्या पोरांना कदर आहे, लगेच ओळखलं गाडी खाली केलेली. मी त्याला अंगठा दाखवला. मुंब्र्याच्या पुढं एक ट्रकवाला कंबरेपर्यंत बाहेर लटकून हातवारे करायला लागला. मी स्टेअरिंग सोडून दोन्ही हात जोडले. या, या, लग्नाला या.

मग वास आला. जळका. करवल्या खोकायला लागल्या. मी बोललो, काचा खाली घ्या, पार्लरवाले केसांवर काय काय मारतात आजकाल. रेश्मा बोलली, मामा, माझ्या केसांतून धूर येत नाहीये, तुझ्या चाकातून येतोय.

शीळफाट्याच्या थोडं आधी गाडी बाजूला घेतली. चांगली सपाट जागा होती. उतरलो, पुढं जाऊन उभा राहिलो, आणि गाडीकडं बघितलं.

कुत्रं खांबापाशी एक पाय वर करून उभं राहतं ना? तशी उभी होती. फक्त आता उजवी बाजू खाली. पार खाली, मी बसायचो तीच बाजू. टायर मडगार्डला घासून घासून लाल व्हायचा बाकी होता.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीचं काँक्रीट झालं. करताना त्याला उतार दिलाय, पावसाचं पाणी गटारात जावं म्हणून. गटार डावीकडं. त्यावरून तेव्हा बबननंच कंत्राटदाराशी भांडण केलेलं, उतार नीट द्या म्हणून.

कललेली होती ती गल्ली. कापली आम्ही गाडी.

घड्याळात पावणेबारा. मी ताईला फोन लावला. बोललो, ताई, गाडी एका बाजूला बसली, टायर घासतोय, कोणाची तरी गाडी पाठव.

"गजा. आज नाही," ती बोलली आणि फोन ठेवला.

परत लावला. शपथ घेऊन सांगितलं. ती बोलली, त्या दिवशीपण तू शपथ घेऊन सांगितलेलंस की खुर्चीखाली मांजर आहे. फोन ठेवला. मग रेश्माच्या हातात दिला. म्हटलं, मुलीचं तरी ऐकेल. रेश्मानं सगळं नीट सांगितलं, उताराचंपण सांगितलं. ताई तिला बोलली, उताराचं काँक्रीट? हे तुला सुचणार नाही, मामानंच शिकवलंय. लहानपणापासून तू त्याला सामील. लवकर या दोघं. आणि तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिनं फोन बंदच केलेला.

बघा, बाई चुकीची नव्हती. तिच्या जागी मी असतो तर मीपण ठेवला असता.

तेवढ्यात एक रिक्षा मिळाली. रविवारचं, लग्नाच्या तिथीचं, त्या रस्त्यावर रिकामी रिक्षा म्हणजे देवच. आता शहाणा माणूस काय करेल? नवरीला रिक्षात बसवेल. मी करवल्यांना बसवलं, पिशव्यांसकट, आणि पाठवून दिलं. का? तर नवरी मामाच्या गाडीतूनच उतरली पाहिजे. त्या कल्याणवाल्या पोराला मी बोललेलो ना.

रेश्मानं माझ्याकडं बघितलं. मग शालूचा पदर कंबरेला खोचला आणि बोलली, "मामा, उतर. मी चालवते. तू मागं बस, डावीकडच्या कोपऱ्यात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती पन्नास किलोची. ती उजवीकडं बसली, मी मागं डावीकडं, की गाडी सरळ. तराजूत कांदे टाकतात तसं तिनं मला टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वजनाचा कोणाला उपयोग झाला. गाडी तिला मीच शिकवलेली, त्यामुळं हात चांगला आहे. मुंडावळ्या कानामागं अडकवल्या, आणि शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून अशी काढली गाडी की टेंपोवाल्याची भाची शोभली.

टायर घासायचा थांबला. मी मागं दाराला घट्ट चिकटून बसलेलो, म्हटलं हललो तर परत कलेल. हळूहळू जीवात जीव आला. बारा वाजून पाच मिनिटं. पोचतो की आपण.

आणि मग पहिला स्पीडब्रेकर आला.

खालून असा दणका बसला की माझी वरची बत्तीशी खालच्या बत्तीशीला भेटली. रेश्मानं गाडी थांबवली. बोलली, मामा, अजून एक असा बसला तर चेंबर फुटेल, ऑइल सगळं रस्त्यावर. मग आरशातून माझ्याकडं बघत राहिली. मी समजलो. उतरलो.

तिथून पुढं पद्धत ठरली. स्पीडब्रेकर आला की मी उतरायचं. गाडी हलकी होते, दोन बोटं वर येते. रेश्मा ती तिरकी करून एकेक चाक हळूच पार करणार. मग मी धावत जाऊन डाव्या कोपऱ्यात बसणार. डोंबिवलीत शिरल्यावर स्पीडब्रेकर किती आहेत ते मोजायचं असेल तर माझ्यासारखं मोजा. दुसऱ्यालाच कोल्हापुरीचा अंगठा तुटायला आला, म्हणून चपला काढून गाडीत ठेवल्या. तिसऱ्याला कुर्ता वर खोचला. चौथ्याला रस्त्याकडेचे लोक मोबाइल काढून उभे. नवरी गाडी चालवतीये आणि मागं एक जाडा माणूस अनवाणी धावतोय. एका बाईनं तर विचारलं, मुलगी पळवून नेतायत काय हो? मी धावता धावता बोललो, नाही, मुलगीच मला पळवतीये.

सव्वाबाराला शेवटचा मोठा नाका. तिथं नाक्याच्या आधीच स्पीडब्रेकर. मी उतरलो. रेश्मानं गाडी पार केली. आणि नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रॅफिक हवालदाराची नजर तिच्यावर पडली. स्टेअरिंगवर नवरी, मुंडावळ्या लावून, एकटी. देवमाणूस तो. त्यानं शिट्टी मारली, चारी बाजूचा ट्रॅफिक अडवला, आणि हात लांब करून तिला रस्ता मोकळा करून दिला. जा, बाय, जा. तुझा मुहूर्त चुकायला नको.

रेश्मानं मागं वळून बघितलं. मी तीस पावलांवर होतो. मी हात वर केला. थांब म्हणायला केला की जा म्हणायला, खरं सांगतो, मलाच माहीत नाही. मुहूर्ताला पंधरा मिनिटं होती.

ती गेली. वजन उतरल्यामुळं काय सुसाट गेली.

आणि मी नाक्यावर. फोन गाडीत, पाकीट गाडीत, चपला गाडीत. रिक्षावाल्याला बोललो, हॉलवर सोड, तिथं पैसे देतो, मी मुलीचा मामा. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं, खोचलेल्या कुर्त्याकडं बघितलं, आणि दुसऱ्याला बसवलं. दुपारचं डांबर तापलेलं. मी सावली बघून उड्या मारत चाललो. एका म्हाताऱ्यानं विचारलं, कसला नवस बोललात? मी बोललो, माणसासारखं वागायचा.

हॉलच्या गेटला पोचलो आणि आतून माईकवर ऐकू आलं. शुभमंगल सावधान. आणि लगेच टाळ्या, वाजंत्री.

मी दारात उभा राहिलो. सगळ्या हॉलवर अक्षता पडलेल्या. स्टेजवर रेश्मा, समोर नवरा मुलगा, दोघांच्या गळ्यात हार. आणि रेश्माच्या मागं, डोक्याला लाल फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ घेऊन, छाती पुढं काढून उभा...

बबन.

बबन वेल्डर. ज्यानं माझी गाडी कापली तो. त्यानं मला दारात बघितलं आणि नारळ जरासा वर करून दाखवला.

मागून मला कळलं काय झालेलं ते. रेश्मा एकटी उतरली. ताईनं विचारलं, मामा कुठाय? रेश्मा बोलली, मागून येतोय, चालत. ताईला वाटलं, हा गजा कुठंतरी दडून बसलाय आणि ऐन वेळी बाहेर येऊन भॉक करणार. तिनं सीटखाली बघितलं. डिकी उघडून बघितली. झेंडूच्या माळा उचलून बघितल्या. तिकडं गुरुजी माईकवरून तिसऱ्यांदा ओरडत होते, मुलीचे मामा, मुलीचे मामा. बबन बिचारा आपल्या स्कूटरवरून सकाळीच आलेला, उपम्याची दुसरी प्लेट हातात. ताईनं ती प्लेट काढून घेतली. बोलली, त्याच्या सगळ्या भानगडीत तू असतोस ना, मग याच्यातपण ये. आणि उभ्या उभ्या फेटा बांधला त्याला.

तो कल्याणवाला पोरगा बाहेर माझ्या गाडीभोवती फेऱ्या मारत होता. मला बघून अगदी गंभीरपणे विचारलं, मामा, एकाच बाजूनं खाली करायचं हे कुठलं किट? मी बोललो, इम्पोर्टेड आहे.

मग ताई आली. मी म्हटलं आता ऐकून घ्यायचं, जे बोलेल ते. ती माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती, खाली पायांकडं बघत होती. काळे झालेले, एकीकडं फोड आलेला.

"खरंच चालत आलास?"

"हो."

"मग फोनवर सांगत होतास ते..."

"खरं होतं ताई."

ती खुर्चीवर बसली. "चाळीस वर्षांत एकदा खरं बोललास," ती बोलली, "तेपण आजच बोलायचं होतं?" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली की रडायला लागली, लांबून सगळं सारखंच दिसतं. मग हळूच बोलली, फेटा तुझ्यासाठी आणलेला रे. नौपाड्यात चार दुकानं फिरले, तुझ्या डोक्याला लाल चांगला दिसतो म्हणून.

हे ऐकल्यावर मला पायाचं काय वाटेना.

गाडीला मी नव्या चार स्प्रिंगा घातल्या. त्याच फिटरनं, सपाट जमिनीवर. या वेळेला त्यानं सगळं बघितलं. पण फेटा? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी बबनकडं गेलो, बोललो, दे. बबन बोलला, मानानं मिळालेली वस्तू आहे, अशी कशी देणार? आणि त्यानं तो दुकानात समोरच्या ग्रिलला टांगला. येणारं जाणारं गिऱ्हाईक विचारायचं, हा कसला? तो सांगायचा, मी मुलीचा मामा आहे. गणपतीत घालून मिरवला. अल्बम आला, त्यात बबन एकोणीस फोटोत आणि मी एकात. जेवणाच्या पंगतीत. तोंडात जिलेबी, डोळे मिटलेले. रेश्माचा नवरा आमच्या गल्लीत आला की आधी बबनच्या पाया पडतो, फोटोत तोच मामा आहे ना.

तीन महिने मी मागं लागलो. पैसे देऊन बघितले. नवा फेटा आणून दिला, म्हटलं बदली कर. ऐकेना. मग एक दिवस तो आपणहून बोलला, देतो. पण किंमत सांगेन ती द्यायची.

मी बोललो, बोल.

ती किंमत अशी. जिथं जिथं बबन असेल आणि नवीन माणसं भेटतील, तिथं हा किस्सा मी स्वतः सांगायचा. पहिल्यापासून. उतार दिसला नाही तेपण सांगायचं, रिक्षात करवल्यांना बसवलं तेपण. स्प्रिंगा कापायची खाज कोणाला सुटलेली, तर मला, हे ठासून सांगायचं. कमी नाही करायचं, वाढवायचं नाही. आणि ऐकणाऱ्यांचा चहा माझ्याकडून.

फेटा माझ्या कपाटात आहे आता. आज ही अकरावी वेळ सांगायची. विश्वास नसेल तर मागं वळून बघा, त्या कोपऱ्यातल्या बाकड्यावर पाठ करून बसलाय ना, खांदे हलतायत बघा ज्याचे, तोच बबन.

अहो चहावाले, सहा कटिंग. आणि एक त्याला. त्याच्याबरोबर दोन क्रीमरोलपण द्या, तो मागणारच आहे.